युरियाच्या टाकीचे दुखणे आणि त्याचे निदान

(न्यासाच्या महोत्सवानिमित्त सिल्वासा येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे तेथे हाताला ग्रीस लागलेल्या माणसाला उभे करण्याचे धाडस आपल्या चिटणीसांनी केले आहे. विषयही त्यांनीच दिला. ते म्हणाले, "साहित्यावर बोलायला पुष्कळ आहेत. आमच्या सभासदांच्या गाडीत तो निळ्या झाकणाचा दिवा लागला म्हणजे घरात जी धांदल उडते, त्याबद्दल काही सांगा." त्यांचे म्हणणे मला पटले. सिल्वाशाला आगगाडी नाही. ती धरायची तर वापी गाठावी लागते. कारखाने मसाट-राखोलीकडे, माणसे खानवेल-दुधनीपर्यंत पसरलेली, आणि इस्पितळाचे मोठे काम निघाले की वापी, वलसाड किंवा सुरत. गाडी येथे चैनीची वस्तू राहिलेली नाही, आणि आपल्यापैकी कित्येक कुटुंबांची तर चूलच डिझेलच्या गाडीवर पेटते. अशी गाडी जेव्हा पडद्यावर लिहून सांगते की आणखी इतक्या किलोमीटरनंतर मी सुरू होणार नाही, तेव्हा ती गोष्ट केवळ फिटरची राहात नाही.

प्रथम हे युरियाचे प्रकरण मुळात आले कोठून ते थोडक्यात सांगतो. डिझेलचे इंजिन हवा फार दाबते, त्यामुळे आत उष्णता फार होते. त्या उष्णतेत हवेतला नत्रवायू आणि प्राणवायू, जे एरवी एकमेकांकडे ढुंकूनही पाहात नाहीत, ते संयोग पावतात व नत्राची ऑक्साइडे तयार होतात. कारागीर मंडळी त्यांना नॉक्स म्हणतात. हा धूर डोळ्यांना बहुधा दिसत नाही, पण दमेकऱ्याच्या छातीला बरोबर समजतो. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात भारत स्टेज सहाचा नियम लागू झाला. पूर्वी डिझेल मोटारीने किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम नॉक्स सोडलेला चालत असे; या नियमाने ती मर्यादा ८० वर आणली. काही गाड्यांनी ती दुसऱ्या युक्तीने गाठली, परंतु टाटाच्या हॅरियर-सफारी, महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० व स्कॉर्पिओ-एन यांसारख्या गाड्यांत डिझेलच्या टाकीशिवाय आणखी एक छोटी टाकी आली. तिच्यात जे पाणी भरतात त्याला कोणी डीईएफ म्हणतात, कोणी ॲडब्लू. ॲडब्लू हे जर्मन मोटार उद्योगाच्या संघटनेचे नोंदलेले नाव आहे. माल एकच: शंभर भागांत साडेबत्तीस भाग अतिशुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेले पाणी. १८२८ साली व्होलर नावाच्या जर्मन रसायनज्ञाने प्रयोगशाळेत जो युरिया बनवून दाखवला, तोच हा. पुष्कळांचा समज असतो की हे डिझेलमध्ये मिसळायचे औषध आहे. तसे मुळीच नाही. त्याचा आणि डिझेलचा एकमेकांशी स्पर्शही होता कामा नये.

हे पाणी पंपाने सुमारे पाच बार दाबाने एका बारीक नोझलपर्यंत जाते व सायलेन्सरच्या नळीत तुषारासारखे उडते. तेथील धूर दोनशे अंशांच्या आसपास तापलेला असला म्हणजे युरियाचा अमोनिया होतो, आणि पुढच्या डब्यातील जाळीवर, ज्याला एससीआर कॅटॅलिस्ट म्हणतात, हा अमोनिया नॉक्सला भेटून दोघांचे मिळून साधे नत्रवायू व पाणी होते. डब्याच्या अलीकडे एक व पलीकडे एक असे बहुधा दोन नॉक्स सेन्सर बसवलेले असतात. एक येणाऱ्याची मोजदाद करतो, दुसरा जाणाऱ्याची. जकातनाक्यावरचे दोन कारकूनच म्हणा ना! दोघांच्या वह्यांत पुरेसा फरक पडला नाही की गाडीचा संगणक ओरडू लागतो.

आणि तो नुसता ओरडून थांबत नाही. युरोपच्या ज्या नियमांच्या धर्तीवर आपले नियम झाले, त्यांत टाकी रिकामी होण्याच्या निदान २४०० किलोमीटर आधी सूचना द्यावी असे आहे. ती सूचना मानली नाही तर उलटी मोजणी सुरू होते, आणि शून्य आल्यावर गाडी एकदा बंद केली की पुन्हा सुरू होत नाही. चालती गाडी रस्त्यात बंद पडत नाही एवढी दया आहे. ही मोजणी दोन कारणांनी लागते: पाणी संपत आले म्हणून, किंवा संस्थेत बिघाड आहे म्हणून. पडद्यावरची भाषा जवळजवळ सारखीच, त्यामुळे माणसे फसतात. बिघाड असताना टाकी भरत बसतात, आणि पाणी संपले असताना गॅरेजचा उंबरठा झिजवतात.

पाणीच संपले असेल तर उपाय सोपा आहे. मात्र अर्धा लिटर ओतून मोजणी थांबेल अशी आशा करू नये. किमान किती ओतले म्हणजे सेन्सर ते मानतो हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते, व बहुतेक गाड्यांत ते काही लिटर असते. ओतल्यावर चावी फिरवून, इंजिन सुरू न करता, थोडा वेळ थांबावे म्हणजे पातळी वाचली जाते. टाकी काठोकाठ भरू नये. बाहेर सांडलेले लगेच साध्या पाण्याने पुसावे, कारण ते वाळले की पांढरी खडी होते आणि वायरींच्या कनेक्टरमध्ये शिरली तर तांबे खाते.

आता बिघाडाकडे वळतो. माझे ठाम मत असे की या संस्थेत जितके सुटे भाग खराब होतात त्याहून कितीतरी अधिक वेळा आतले पाणीच खराब असते. हे सांगायला कोणी सहसा उत्सुक नसतो, कारण पाणी बदलण्यात नफा थोडा आणि टाकी बदलण्यात पुष्कळ! पुष्कळ गाड्यांत पंप, पातळीचा सेन्सर, तापक असे सगळे टाकीतल्या एकाच संचात बसवलेले असते व ते सुटे मिळत नाही. त्यामुळे निदान चुकले की दंड जबर बसतो.

खानवेलकडच्या एका तरुणाचे उदाहरण देतो. नाव सांगत नाही. कर्जावर गाडी घेतलेली, आणि आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसच्या एका रुग्णाला वापीस नेण्या-आणण्याचे काम. पडद्यावर ४०० किलोमीटरची मोजणी लागली. जाऊन-येऊन ऐंशीएक किलोमीटर धरले तर पाच फेऱ्या. एका ठिकाणी त्यास सांगण्यात आले की सबंध संच बदला, ऐंशी हजार रुपये होतील. तो माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर गाडीपेक्षा त्या रुग्णाचीच काळजी अधिक दिसत होती, कारण सहावी फेरी कोण करणार?

स्कॅनर लावला. पी२०ईई आणि पी२०७एफ असे दोन कोड होते. पहिल्याचा अर्थ, जाळी पुरेसे काम करीत नाही. दुसऱ्याचा, पाण्याच्या गुणाबद्दल शंका. येथे एक नियम सांगून ठेवतो: कोड दिसला की लगेच पुसून टाकू नये. कोणत्या वेगाला, किती तापमानाला, किती किलोमीटरवर तो उमटला याची नोंद त्याच्याबरोबर असते. पुसला की तीही जाते. वैद्याने नाडी पाहण्यापूर्वी रोग्याला ताप उतरण्याची गोळी देण्यासारखेच ते. नोंद उतरवून घेतली आणि मग त्याला विचारले, "शेवटचे पाणी कोठे भरलेस?" तो म्हणाला, "हमरस्त्यावर, भाऊ. पिंपातून सुटे देतात, डब्यापेक्षा स्वस्त पडते."

मग मी रिफ्रॅक्टोमीटर काढला. ऊस लावणाऱ्या मंडळींना हे यंत्र ठाऊक आहे. रसाची गोडी पाहण्याचे असते तसेच, फक्त याच्यावर युरियाचे आकडे असतात. उसाचे घेऊ नये, आकडे जुळणार नाहीत. काचेवर दोन थेंब टाकायचे आणि उजेडाकडे धरून पाहायचे. चांगल्या मालाचा आकडा ३१.८ ते ३३.२ यांच्या दरम्यान यावा. याच्या टाकीतला आला २४. पाणी घातलेले दूधच ते! पाणी पातळ म्हणून अमोनिया कमी, अमोनिया कमी म्हणून नॉक्स शिल्लक, आणि पलीकडचा कारकून तक्रार करतो. जाळी बिचारी निर्दोष.

टाकी उपसली, क्षारविरहित पाण्याने धुतली, मग थोड्या नव्या डीईएफने खळखळवली. फिल्टर बदलला. नोझल काढून कोमट क्षारविरहित पाण्यात ठेवला, तेव्हा तोंडावरची खडी विरघळली. नंतर तो मापाच्या भांड्यात धरून स्कॅनरवरून चालवला व ठरावीक वेळात किती मिलिलिटर पडते ते निर्मात्याच्या पुस्तकाशी ताडून पाहिले. माप जुळले, तुषारही एकसारखा होता. मोहोरबंद डब्यातले ताजे पाणी भरून गाडी नरोलीवरून भिलाडला काढली आणि हमरस्त्याने तलासरीपर्यंत नेऊन आणली. येताना दुसऱ्या सेन्सरचा आकडा खाली बसलेला दिसला. मोजणी मात्र त्या क्षणी गेली नाही. संगणक चार-दोन फेऱ्या खात्री करून घेतो आणि काही गाड्यांत स्कॅनरने त्यास सांगावे लागते. एकंदर खर्च काही हजारांत आटोपला. डायलिसिसची एक पाळीही चुकली नाही.

आता रिफ्रॅक्टोमीटरची मर्यादाही सांगितली पाहिजे. तो फक्त युरियाचे प्रमाण सांगतो. त्यात दुसरे काय मिसळले आहे ते सांगत नाही. शेतीच्या गोणीतला युरिया बोअरच्या पाण्यात बरोबर मापाने विरघळवला तरी आकडा साडेबत्तीसच येईल! आणि हा उद्योग चालतो. ४५ किलोच्या गोणीची कमाल किंमत, कडुनिंबाचा लेप व कर सोडून, २४२ रुपये आहे, कारण बाकीचा भार सरकार उचलते. ती सवलत खानवेलच्या भातशेतकऱ्यासाठी आहे, मोटारींसाठी नाही. २०१५ पासून देशातल्या सगळ्या शेतीच्या युरियाला कडुनिंबाचा लेप असतो. तो लेप आणि युरियातली बाययुरेटसारखी अशुद्ध द्रव्ये नोझलच्या केसाएवढ्या भोकात बसतात. बोअरच्या पाण्यातले चुना आणि मीठ जाळीवर बसते व मग ती कायमची निकामी होते. म्हणजे लिटरमागे काही रुपये वाचवायचे, जाळी घालवायची, आणि वर शेतकऱ्याची गोणी पळवण्यास हातभार लावायचा. टाकीत डिझेल किंवा तेल गेले आहे का हे मात्र घरीच कळते: काचेच्या पेल्यात थोडे काढून स्थिर ठेवावे, वर तवंग आला की समजावे. त्या तवंगाने आतली रबरे फुगतात.

उलट प्रकारही होतो. घाईत युरियाचे पाणी डिझेलच्या टाकीत पडते. तसे झाले तर गाडी सुरू करायची नाहीच, पण चावीसुद्धा फिरवायची नाही, कारण चावी फिरवताच डिझेलचा पंप चालू होतो आणि ते पाणी इंजेक्टरपर्यंत पोचते. गाडी ढकलून बाजूला घ्यावी व टाकी उतरवून घ्यावी. मग खर्च टाकी धुण्यापुरताच राहतो.

साठवणुकीबद्दल आपल्या हवामानात विशेष जपले पाहिजे. प्रमाणग्रंथाप्रमाणे पंचवीस अंशांपर्यंत हे पाणी अठरा महिने टिकते, तीस अंशांवर बारा, आणि पस्तीस अंशांवर फक्त सहा. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या डब्याचे काय होत असेल ते आपणच ठरवा. डबा उघडताच नाकाला अमोनिया झोंबला तर तो माल उतरलेला समजावा. डब्यावरची तारीख पाहून घ्यावी. लोखंडी वा पितळी भांड्यात ओतू नये. नरसाळे प्लॅस्टिकचे, आणि ते फक्त याच कामाचे ठेवावे.

पाणी चांगले निघाले तरच सुट्या भागांकडे जावे. पी२०ई८ म्हणजे दाब कमी: फिल्टर तुंबलेला, नळी गळते, टाकी कोरडी पडून हवा धरलेली, आणि हे सगळे तपासून झाल्यावर पंप. पी२०३एफ म्हणजे पातळी कमी. टाकी भरलेली असूनही तो येत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर. आपल्याकडे चार महिने पाऊस कोसळतो आणि उंदीर गाडीच्या उबेला येतात, त्यामुळे वायर आधी पाहावी हे मी अनुभवाने सांगतो. तापकाच्या कोडची तर मला गंमतच वाटते. हे पाणी उणे अकरा अंशांना गोठते. तापक लेह-लडाखसाठी आहे, सिल्वाशात त्याला जन्मभर काम नाही. पण त्याची तार तुटली की दिवा येथेही लागतोच!

नॉक्स सेन्सरचा कोड पी२२०० किंवा त्याच्या आसपासचा. हा सेन्सर आत तापल्याशिवाय काही वाचीतच नाही, तेव्हा थंड गाडीत त्याचा आकडा पाहून निकाल देऊ नये. तसेच पलीकडचा सेन्सर अमोनियालाही नॉक्सच समजतो. म्हणजे नोझल गळून युरिया जास्त पडत असेल तरी आकडा वाढलेलाच दिसेल, आणि अजाण कारागीर म्हणेल, युरिया कमी पडतो आहे. येथे भांड्यातले माप उपयोगी पडते. तोंडाने वाद घालण्यापेक्षा मिलिलिटर मोजावे. सायलेन्सरच्या नळीला सेन्सरच्या आधी भेग असली तरी बाहेरची हवा शिरून दोन्ही वह्या चुकतात. जाळीवर संशय घ्यायचा तो सर्वांत शेवटी.

गावातल्या गावात गाडी वापरणाऱ्यांसाठी एक निराळे दुखणे आहे. आमलीहून शाळा, शाळेहून बाजार, तीन-चार किलोमीटर की गाडी बंद. धूर तापायला अवसरच मिळत नाही. मग युरियाचा अमोनिया होण्याऐवजी नळीत खडी साचते. नुसती वाळलेली खडी कोमट पाण्याने जाते. पण अर्धवट तापून झालेला सायन्युरिक आम्लाचा दगड पाण्याला दाद देत नाही. त्याला साडेतीनशे अंशांच्या वरची आच लागते. म्हणून आठवड्या-पंधरवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास हमरस्त्याला एकसारख्या वेगाने न्यावी. गाडी बंद केल्यावर मागून मिनिट-दीड मिनिट घुरघुर ऐकू येते, ती भुताटकी नाही. पंप नळीतले पाणी परत टाकीत ओढून घेत असतो. तेवढ्या वेळात बॅटरीची तार काढू नये, नाहीतर ते पाणी नळीत वाळते.

आता शेवटचा, थोडा कडू भाग. बाजारात एक डबी मिळते. ती बसवली की संगणकाला वाटते सारे आलबेल आहे, युरिया भरावा लागत नाही आणि दिवाही लागत नाही. ती पुरवणारे म्हणतात की पीयूसीत गाडी पास होते. हे त्यांचे म्हणणे दुर्दैवाने खरे आहे, कारण आपल्या पीयूसीत डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा मोजतात, नॉक्स मोजत नाहीत. फोक्सवॅगनसारख्या कंपनीनेही परीक्षेत एक आणि रस्त्यावर दुसरे असा प्रकार केला होता. २०१५ च्या सप्टेंबरात तो अमेरिकेत उघडकीस आला. आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने गाडीत परवानगीविना बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. मी डबी बसवीत नाही, आणि यावरून दोन-चार गिऱ्हाइके गमावली आहेत. ज्या गाडीतून छातीचा रोगी नेतो त्याच गाडीचा नॉक्स मागच्या शाळेच्या मुलांनी घ्यायचा, हा हिशेब मला जुळवता येत नाही.

कोणी विचारील, सरकारच उद्या युरिया बंद करील तर? असे परदेशी घडले आहे. २०२१ च्या ऑक्टोबरात चीनने युरियाच्या निर्यातीवर बंधने घातली आणि दक्षिण कोरियात मालमोटारी उभ्या राहण्याची पाळी आली. नोव्हेंबरात त्यांनी हवाई दलाचे विमान ऑस्ट्रेलियाला धाडून सुमारे २७ हजार लिटर हे पाणी आणले. पाण्यासाठी विमान! आपल्याकडे तशी वेळ आलेली नाही. तरी भीतीने दहा डबे घरात भरून ठेवू नयेत; उन्हाळ्यात ते उतरतील. मोटारीला हजार किलोमीटरमागे साधारण एक-दीड लिटर लागते, गाडीगणिक थोडे कमी-जास्त. एक मोहोरबंद डबा घरात पुष्कळ झाला.

मी माझा रिफ्रॅक्टोमीटर बरोबर आणला आहे. ज्यांच्या डिकीत उघडलेला डबा पडून असेल त्यांनी एखाद्या स्वच्छ बाटलीत थोडे पाणी घेऊन यावे. चहापान होईपर्यंत मी मागच्या टेबलाशी बसलेला आहे.